खाचेवरचा पत्रा

आईला व्हिडिओ कॉलवर मी ते यंत्र दाखवलं तेव्हा त्याचं मागचं दार काढलेलं होतं. आत तीन रिळं, स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि नाणी साठवायची एक उभी नळी. आमचं कराडला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे आईला असल्या गोष्टी बघायची सवय आहे. ती थोडा वेळ बघत राहिली. "छान बनवलंय," म्हणाली. मग विचारलं, "आणि चालू झाल्यावर काय करतं हे?"

मी म्हणालो, "पैसे खातं."

ती हसली नाही. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्याकडे गल्लोगल्ली ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली होती. धाकट्या काकांनी त्यात आधी पगार घातला, मग काकूंच्या बांगड्या, आणि शेवटी आमच्या दुकानातला स्वतःचा वाटा. तो वाटा सोडवताना बाबांचं कंबरडं मोडलं. आई हे कधी बोलून दाखवत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्या लॉटरीच्या पडद्याच्या पणजोबाला तू सुट्टीच्या दिवशी तेल घालत बसतोस?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि ते पूर्ण आहे असा माझा दावा नाही.

*

मी कॅलिफोर्नियात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेली दोन वर्षं महिन्यातले दोन शनिवार सॅक्रामेंटोच्या बाहेर एका म्हाताऱ्या कारागिराच्या गॅरेजमध्ये जातो. ते जुनी स्लॉट मशीन दुरुस्त करतात आणि प्रत्येक मशीनची नोंदवही ठेवतात. मी त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणतो. पहिले सहा महिने त्यांनी मला फक्त धुवायला आणि फोटो काढायला लावलं. सुटा केलेला प्रत्येक भाग घासण्याआधी एकदा आणि घासल्यानंतर एकदा, शेजारी पट्टी ठेवून. स्क्रू कुठल्या भोकातला ते अंड्यांच्या रिकाम्या ट्रेवर लिहून ठेवायचं. आपण कोडमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो तसंच हे, फक्त बोटं काळी होतात.

तीन रिळांचं हे यंत्र जन्मलं सॅन फ्रान्सिस्कोत. बव्हेरियातून आलेल्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'लिबर्टी बेल' बनवलं. त्याचं दुकान ४०६, मार्केट स्ट्रीटला होतं. १९०६च्या भूकंपात ते गेलं. आता त्या भागात ऐतिहासिक जागेची पाटी आहे. 'लिबर्टी बेल'च्या प्रत्येक रिळावर दहा जागा, म्हणजे हजार शक्यता. तीन घंटा जुळल्या की पाच सेंटची दहा नाणी, आणि हे सगळ्यात मोठं बक्षीस. फे मशीन विकायचा नाही. सलूनमध्ये ठेवायचा आणि कमाई मालकाबरोबर निम्मी वाटून घ्यायचा.

मग शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं त्याच धर्तीवर स्वतःचं मशीन काढलं आणि रिळावर वीस जागा केल्या. हजाराच्या आठ हजार शक्यता झाल्या. बक्षीस मोठं दाखवता आलं आणि ते लागणं दुर्मीळ करता आलं. जुगारावर बंदी आली तेव्हा ही मशीन च्युइंगगम विकायला लागली. रिळांवर चेरी, संत्री, आलुबुखार आले, कारण गम त्या फळांच्या चवीचा होता. आज मोबाइलवरच्या गेममध्येही जो 'बार' दिसतो, तो त्या गमच्या शिक्क्यातून आला असं मानतात. जुगार लपवायला रंगवलेली चित्रं शंभर वर्षांनी जुगाराची ओळख होऊन बसली.

आतली रचना मात्र बघत राहावी अशी आहे. नाणं टाकलं की तरफेचं कुलूप सुटतं. तरफ ओढताना आपल्याच हाताचा जोर स्प्रिंगमध्ये साठतो आणि तिन्ही रिळांना झटका बसतो. मग एक छोटा पंखा फिरायला लागतो. टोल्याच्या घड्याळात दोन टोल्यांमधलं अंतर राखायला असतो तसाच. मी तो पाहिल्याबरोबर ओळखला. त्या पंख्याच्या चालीवर तीन अडसर एकामागून एक सुटतात. प्रत्येक अडसर रिळाशेजारच्या वीस दात्यांच्या चाकाच्या एका खाचेत पडतो आणि रीळ थांबतं. मग बोटांसारख्या पट्ट्या रिळांच्या चकत्यांवरची भोकं चाचपतात. भोकं जुळली की खाली एक पट्टी सरकते आणि ठरलेली नाणी पडतात. वीज नाही, मोटर नाही. यंत्र अंधारात चाचपून निकाल वाचतं.

पहिल्यांदा एक मशीन आमच्या हातून पुन्हा चालू झालं तेव्हा मला आनंद झाला. तो खरा होता आणि मला त्याची लाजही वाटली नाही. आईच्या प्रश्नानंतर वाटायला लागली.

*

अशा वस्तूचं काय करावं याची दोन तयार उत्तरं आहेत.

एक हातोड्याचं. १९३४ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी जप्त केलेली मशीन हातोड्यानं फोडली आणि समुद्रात टाकायला लावली. त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. काकांच्या घरात बसून मी ते पाहिले असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या मशीनमागचा मोठा माणूस, फ्रँक कॉस्टेलो, धंदा उचलून लुइझियानात घेऊन गेला. लोखंड समुद्रात गेलं. ते कसं बनवायचं आणि त्यातून कशी कमाई करायची हे ज्ञान कुठंच गेलं नाही.

दुसरं उत्तर संग्राहकाचं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पंचवीस वर्षांहून जुनं आणि जुगारासाठी न वापरलेलं मशीन बाळगणं गुन्हा धरत नाहीत. म्हणजे पंचवीस वर्षं उलटली की तेच लोखंड गुन्ह्यातून निघून दिवाणखान्यात येतं. पाहुण्यांना आपलीच नाणी देऊन खेळवतात, हसतात, ओंजळीतली नाणी परत घेतात. यात कोणाचं नुकसान नाही. पण पॉलिश मारताना माझ्या मनात येतं, की या तरफेची मूठ इतकी गुळगुळीत कोणाच्या हातांनी झाली?

हातोडा वस्तूतलं कौशल्य नाकारतो आणि पॉलिश तिनं केलेलं काम विसरतं. दोन्हींत एक सोय आहे. मशीनच्या आत काय आहे हे बघावं लागत नाही.

*

मागच्या हिवाळ्यात एक बाई पाच सेंटचं मिल्स मशीन घेऊन आल्या. वय सत्तरीच्या पुढचं. १९३१ साली नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला. त्यानंतर त्यांच्या आजोबांनी तिथल्या एका छोट्या गावात आपल्या किराणा दुकानात हे मशीन ठेवलं होतं. आजोबा सचोटीचे म्हणून गावात नाव होतं. बाईंना मशीन चालू करून हवं होतं आणि नोंदवहीची एक प्रत हवी होती, नातवंडांसाठी.

जुनं तेल घट्ट होऊन पंख्याचं घड्याळ अडकलं होतं. मी तिसरं रीळ काढून चाक धुवायला घेतलं. वीस खाचा मोजताना एकोणीसच भरल्या. पुन्हा मोजल्या. एका खाचेवर नखाएवढा अर्धचंद्राकृती पत्रा बारीक स्क्रूनं बसवलेला होता. रीळ जागेवर लावून पाहिलं. ती खाच तिसऱ्या रिळावरच्या एकुलत्या एका 'बार'ची होती.

या कारागिरीत अशा पत्र्याला नाव आहे: बग. मी दिवसभर बग शोधतो, त्यामुळे हे ऐकून हसू आलं. उस्ताद हसले नाहीत. पत्रा खाच झाकतो, अडसर तिच्यात पडू शकत नाही, रीळ एक घर पुढं सरकतं. या मशीनवर पहिल्या रिळाला एक बार होता, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. म्हणजे जॅकपॉटची शक्यता आठ हजारांत तीन. पत्र्यासकट शून्य. बार मात्र दर खेळात फिरताना दिसायचा. कधी रेषेच्या वर थांबायचा, कधी खाली. काच तीन ओळी दाखवते.

मी म्हणालो, "काढून टाकू आणि गप्प बसू." माझं म्हणणं मला अजूनही अगदीच चुकीचं वाटत नाही. आजोबा गेले, खेळणारे गेले. बाईंची एक आठवण आहे आणि ती कोणाला त्रास देत नाही. पत्रा काढला की मशीन आता तरी सरळ होईल. सांगून कोणाचं भलं होणार?

उस्तादांनी चहा संपवला. म्हणाले, "पत्रा काढून गप्प बसलास तर हे मशीन पहिल्यापासून सरळ होतं असं दिसेल. म्हणजे दाखवणार एक आणि आत दुसरंच. मग तू एक बग काढून त्याच जागी दुसरा लावलास."

त्यांचा दुसरा मुद्दा साधा होता. मशीन आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकणार आहे. चाळीस वर्षांनी कोणीतरी ते उघडेल, स्क्रूचं भोक बघेल आणि वहीत त्याबद्दल काही नाही हेही बघेल. त्यानंतर त्या वहीतल्या इतर पानांवर त्यानं का विश्वास ठेवावा?

*

त्या रात्री गाडी चालवत घरी येताना मला माझंच एक चाक आठवलं.

पुण्यातली माझी पहिली नोकरी. खरेदीच्या ॲपमध्ये सणासुदीला एक रंगीत चाक यायचं: फिरवा आणि सूट मिळवा. आठ कप्पे होते. सगळ्यात मोठ्या, सोनेरी कप्प्यावर लिहिलं होतं, 'पूर्ण ऑर्डर मोफत'. प्रत्येक कप्प्याला कोडमध्ये एक आकडा असतो. जितका मोठा आकडा, तितका तो कप्पा लागायची शक्यता जास्त. सोनेरी कप्प्याचा आकडा शून्य होता. चाकाची गती कमी होताना काटा त्या कप्प्याला घासून पुढं जावा, हे ॲनिमेशन मी दोन दिवस खपून बसवलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही ते आवडलं होतं.

मी ते कधी फसवणूक म्हणून पाहिलं नाही. ती फाइलमधली एक ओळ होती. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, "हा आत्ता शून्य ठेव." बदलाच्या नोंदीत मी लिहिलं होतं: 'आकडे अद्ययावत केले.' नोंद खोटी नव्हती, आणि तिच्यात काहीच नव्हतं.

नखाएवढा पत्रा बसवायला कोणाला तरी मशीन उघडावं लागलं, भोक पाडावं लागलं, स्क्रू आवळावा लागला. त्याला आपण काय करतोय ते हाताला कळलं असेल. मला एक शून्य टाइप करायला किती वेळ लागला असेल?

*

जुन्या मशीनची बाजू घ्यायची तर एवढीच घेता येईल, की ते वाचता येतं. मागचं दार काढा, रिळांवरची चित्रं मोजा, खाचा मोजा. शाळेतल्या गुणाकारानं त्याची सगळी लबाडी कागदावर येते. पत्रासुद्धा सापडतो.

१९८४ साली इंगे टेल्नेस या अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळालं आणि हे संपलं. त्याच्या पद्धतीत कॉम्प्युटर यादृच्छिक आकडा काढतो, आकड्यावरून रीळ कुठं थांबायचं ते ठरतं, आणि डोळ्यांसमोरचं रीळ तो निकाल फक्त दाखवतं. रिळावर वीस-बावीसच जागा असल्या तरी आतल्या अदृश्य रिळावर हव्या तितक्या ठेवता येतात. जॅकपॉटच्या चित्राला एखादाच आकडा द्यायचा आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना पुष्कळ. मग चित्र रेषेच्या जरासं वर किंवा खाली पुन्हा पुन्हा थांबतं. खाच झाकायला पत्रा लागत नाही. रिळावरची चित्रं मोजून काही कळत नाही, कारण मोजायचं रीळ समोर नसतंच.

मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी लास व्हेगासमध्ये अशा मशीनवर बसणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१२ साली आलं. त्यातले कित्येक खेळणारे सांगतात की आम्ही जिंकायला खेळत नाही, खेळत राहायला खेळतो. हे वाचताना मला काका दिसले. आमच्या घरात सगळे म्हणायचे, त्याला हाव सुटली. पण मला आठवतं, एकदा त्यांना बऱ्यापैकी रक्कम लागली होती आणि ते घरी आलेच नव्हते. त्या दुकानातल्या पडद्यामागं काय होतं ते मला माहीत नाही. ते उघडून बघायची सोय कोणालाच नव्हती, काकांना तर नव्हतीच.

२०२५ साली भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. रमीच्या जाहिराती थांबल्या. हा आपल्या काळातला हातोडा, आणि काकांच्या घरातला मुलगा म्हणून मला तो पटतो. पण लोखंडी मशीन समुद्रातून काढलं तरी त्याच्या खाचा मोजता येतील. बंद झालेल्या ॲपचं काय मोजणार? आणि कॅलिफोर्नियाच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबानं टेल्नेसच्या पद्धतीची पहिली मशीन आता कधीच 'जुनी' झाली. तीही दिवाणखान्यात येतील, घासली-पुसली जातील, आणि त्यांच्यातलं अदृश्य रीळ बहुतेकांना दिसणार नाही.

म्हणून वाईट कामासाठी बनवलेली वस्तू दुरुस्त करायला हरकत नाही असं मला वाटतं, पण तिच्या आत काय आहे ते लिहून ठेवायच्या अटीवर. आणि लिहायचं असेल तर आधी ती चालू करावी लागते. अडकलेल्या मशीनमध्ये तो पत्रा म्हणजे नुसता एक पत्रा होता. रीळ फिरलं, बारपाशी आलं आणि एक घर पुढं सरकलं, तेव्हा तो काय करत होता हे दिसलं. आईला माझं उत्तर हे आहे. तेल मी त्यासाठी घालतो.

त्या कौतुकाचं काय, हा प्रश्न उरतो. पंख्याची चाल बघताना मला अजून आनंद होतो. तो झाकायची मला गरज वाटत नाही, कारण माझ्या ॲनिमेशनबद्दलही तोच आनंद झाला होता. चांगलं काम केल्याचा आनंद ते काम कशासाठी आहे हे विचारत नाही, आणि हे त्याच्याबद्दल माहीत असलेलं बरं.

*

उस्तादांनी बाईंना फोन केला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आजोबांना माहीत होतं का?"

"मशीनवरून ते सांगता येत नाही," उस्ताद म्हणाले. पत्रा आजोबांनी बसवला असेल. मशीन कमाईच्या वाट्यावर ठेवणाऱ्या कोणीतरी दुकानात यायच्या आधीच बसवला असेल. नंतर कोणीतरी बसवला असेल. पत्र्यावर तारीख नव्हती.

बाईंनी सांगितलं, की रेल्वेत काम करणारा एक माणूस दर शनिवारी येऊन त्या मशीनवर खेळायचा. त्याची नाणी संपली की आजोबा त्याला फुकट कॉफी द्यायचे. घरात ही गोष्ट आजोबांच्या चांगुलपणाची म्हणून सांगत. "आता ती कॉफी कशाची होती ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला: पत्रा काढा, पण मशीनमध्येच ठेवा. आम्ही तो स्क्रूसकट एका छोट्या पाकिटात घालून पेटीच्या आत बांधला. नोंद लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं होतं, 'ग्राहकांना फसवण्यासाठी बसवलेला पत्रा'. उस्तादांनी पहिले तीन शब्द खोडले. कोणी कशासाठी बसवला ते आपल्याला दिसलेलं नाही, म्हणाले. दिसलं तेवढं लिही. शेवटी पान असं झालं: 'तिसरं रीळ. बारच्या खाचेवर एक पत्रा, एक स्क्रू. पत्रा असताना या खाचेत अडसर पडत नाही. जॅकपॉट लागू शकत नाही. मालकांच्या सांगण्यावरून काढला. पाकिटात आहे.' खाली तारीख आणि माझी सही.

बाई मशीन न्यायला आल्या तेव्हा ते पान त्यांनी दोनदा वाचलं. एक नाणं टाकून तरफ ओढली. दोन चेरी आल्या, तीन नाणी पडली. ती त्यांनी तिथंच राहू दिली.

त्यानंतर मी जुन्या नोकरीतल्या एका मित्राला त्या चाकाबद्दल विचारलं. ते फीचर केव्हाच काढून टाकलं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांच्यातलं कोणी तिथं उरलेलं नाही. ते कोड माझ्याकडे नाही, असायलाही नको. पण मी काय बसवलं होतं ते मला आठवतं, म्हणून त्याची नोंद इथं करतो.

सणाच्या सवलतीचं चाक. आठ कप्पे. सोनेरी कप्प्यावर 'पूर्ण ऑर्डर मोफत' असं लिहिलेलं. त्या कप्प्याचा आकडा शून्य. काटा कप्प्याला घासून पुढं जातो. कप्पा लागू शकत नाही. आकडा शून्य ठेवायचं मीटिंगमध्ये ठरलं. कोड लिहिणारा, ॲनिमेशन करणारा आणि बदलाची नोंद लिहिणारा: मी.